धवळा : एका गीतनावाचा उगम आणि वऱ्हाडाने त्याला दिलेला अर्थ



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर वऱ्हाडातल्या मुलामुलींना जुनी मराठी शिकवत राहिले. कवितेचा अर्थ सांगण्याआधी ते तिचं नाव विचारायचे. ही ओवी की अभंग? पद की आरती? आणि हे नाव हिला का मिळालं? परीक्षेच्या दृष्टीने त्या प्रश्नाला फारसे गुण नव्हते. पण रचनेचं नाव कळलं की ती कुणासाठी, कोणत्या वेळी आणि कुणाच्या तोंडून आली हे कळतं, अशी त्यांची पक्की धारणा होती. त्यांच्या त्या प्रश्नाला स्मरून आज मी एकच नाव तुमच्यापुढे ठेवणार आहे : धवळा.

हे नाव निवडण्याचं कारण आपल्या मातीतच आहे. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा. तिची ओळख ज्या रचनेने झाली ते ‘धवळे’ अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला गायले गेले. काळ इसवी सन १२८६-८७ च्या आसपासचा. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. शाळेत आपण सगळ्यांनी ‘आद्य कवयित्री महदंबा, रचना धवळे’ हे पाठ केलेलं असतं. धवळे म्हणजे काय, हे मात्र पाठ करून घेणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही.

कोशातला अर्थ थोडक्यात असा : धवळे म्हणजे विवाहाच्या वेळी वराला उद्देशून गायची गीतं. अर्थ बरोबर आहे. आता तो कुठून आला ते पाहू.

संस्कृतात धवल म्हणजे पांढरा, स्वच्छ. धुणे, स्वच्छ करणे या अर्थाच्या ‘धाव्’ धातूशी तो जोडला जातो. मराठीत येताना ल चा ळ झाला आणि धवळ, धवळा, धवळणे अशी शब्दांची ओळ उभी राहिली. पण पांढऱ्या रंगाचं नाव गाण्याला का पडावं? याची पहिली वाट कविसंकेतातून जाते. संस्कृत कवींच्या जगात यश पांढरं असतं, हसू पांढरं असतं. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हे संकेत मांडून ठेवले आहेत. ज्या गाण्यात कुणाचं यश गायलं जातं ते यशाच्या रंगाचं, म्हणून धवल, असा हा एक मार्ग.

दुसरी वाट मला जास्त जवळची वाटते, कारण ती शेतातून येते. प्राकृत आणि अपभ्रंश भाषांत ‘धवल’ म्हणजे जातिवंत, उत्तम बैल. त्यावरून पुढे आपापल्या जातीत जो श्रेष्ठ तो धवल असाही अर्थ रूढ झाला. बाराव्या शतकात गुजरातेत पाटणला हेमचंद्र नावाचे मोठे जैन पंडित होऊन गेले. आपल्या व्याकरणात अपभ्रंशाचे नियम समजावताना त्यांनी लोकांच्या तोंडचे दोहे उदाहरणादाखल दिले. त्यातला एक दोहा अशाच बैलाविषयी आहे. धन्याच्या गाडीवरचं जड ओझं बघून तो धवल मनात झुरतो. जोडीचा बैल तेवढ्या ताकदीचा नाही. त्याला वाटतं, माझे दोन तुकडे करून मलाच दोन्ही बाजूंना का जुंपलं नाही! आठशे वर्षांपूर्वीच्या त्या दोह्यातला जीव वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुठल्याही टिपेशिवाय कळेल. आपल्याकडचा गवळाऊ बैल रंगाने पांढराच. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकायचे, दुसऱ्या दिवशी झूल घालून, शिंगांना बेगड लावून त्याला तोरणाखाली उभं करायचं आणि त्याच्यासमोर झडत्या म्हणायच्या, ही आपली रीत. झडती ही बैलाच्या साक्षीने म्हणायची रचना. झडती आणि धवळा यांचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. बैलाला समोर ठेवून माणसांविषयी बोलण्याची रीत आपल्या अंगवळणी आहे, एवढंच मला दाखवायचं आहे.

कारण धवळ्याची शास्त्रातली व्याख्या नेमकी हीच आहे. हेमचंद्रांनीच ‘छंदोनुशासन’ या ग्रंथात सांगितलं आहे की जिथे धवलाच्या, म्हणजे त्या उत्तम बैलाच्या मिषाने पुरुषाचं वर्णन केलेलं असतं, ती रचना धवल. भार पेलणारा, जू न टाकणारा, धन्याला न सोडणारा असा जो पुरुष, त्याची ही स्तुती. आता लग्नाच्या मांडवातला नवरदेव डोळ्यांपुढे आणा. उद्यापासून संसाराचं जू त्याच्या खांद्यावर येणार आहे. थोरामोठ्या पुरुषाच्या स्तुतीचं गाणं नवरदेवाकडे वळलं ते याच भावनेतून वळलं असावं, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. हे गाणं लग्नाचं झालं याला मात्र भक्कम पुरावा आहे.

तो पुरावा मराठी माणसाला एका वेगळ्या कारणाने ओळखीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही त्यातली नोंद ओवीच्या इतिहासात सगळेच देतात. त्याच नोंदीच्या शेजारी, त्याच ओघात, सोमेश्वराने इतर गीतांचीही कामं वाटून दिली आहेत : कथेत षट्पदी, विवाहात धवल, उत्सवात मंगल, योग्यांच्या तोंडी चर्या. ओवीपुरती नोंद उचलताना शेजारचा धवळा आपण मागे सोडला. महदंबेच्या दीडशे वर्षं आधी धवळा लग्नाच्या मांडवात बसलेला होता, हे यावरून निश्चित होतं.

पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात धवल आणि ओवी एकाच वर्गातले प्रबंध म्हणून आले आहेत. धवलाचे त्याने तीन प्रकार सांगितले : चार चरणांचा कीर्ती, सहा चरणांचा विजय आणि आठ चरणांचा विक्रम. शिवाय धवल आशीर्वादपर असतो आणि लोकांत चालत आलेल्या पद्धतीने हवा तसा गायला तरी चालतो, अशी मोकळीकही त्याने दिली. शास्त्रकार अशी मोकळीक सहजासहजी देत नाही. गाणं लोकांच्या ताब्यात आहे, आपण फक्त त्याची नोंद करतो आहोत, हे शार्ङ्गदेवाने ओळखलं होतं.

शब्दाचा पसाराही लहान नाही. गुजरातीत धवळाचं ‘धोळ’ झालं आणि बायकांच्या, वैष्णवांच्या गाण्यांत ते आजही आहे. आपल्या कोकणपट्टीत आगरी-कोळी समाजात लग्न लावणारी, लग्नाची गाणी गाणारी बाई म्हणजे धवलारीण. वारल्यांच्या लग्नात लग्नचौकाच्या चित्रासमोर बसून गाण्यातून विधी पार पाडणारी ती धवळेरी. तिथे लग्न लागतं ते बाईच्या गाण्याने. वऱ्हाडात मात्र आता लग्नाची गाणी, हळदीची गाणी अशीच नावं कानावर येतात. जिथे या नावाने मराठीला पहिली कवयित्री दिली, तिथेच ते नाव रोजच्या बोलण्यातून मागे पडलं.

आता रिद्धपूरला येऊ. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या पश्चात त्यांचे भक्त पंथाचे आचार्य नागदेव यांच्याबरोबर रिद्धपूरला गोविंदप्रभूंजवळ येऊन राहिले. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ, चक्रधरांचे गुरू. त्यांचं वागणं लहरी. ते खेळत, रुसत, कुणाच्याही घरात शिरत, आणि भक्त त्या प्रत्येक कृतीला लीळा मानून जपत. त्यांचं चरित्र म्हाइंभटांनी लिहिलं. ते वि. भि. कोलते यांनी १९४४ मध्ये संपादून आपल्या हाती दिलं. कोलते बुलढाणा जिल्ह्यातले आणि त्यांनी अमरावतीत अध्यापन केलेलं. पुढे अॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये हे चरित्र इंग्रजीत नेलं. या चरित्रात तो प्रसंग आहे. गोविंदप्रभूंना एकदा विवाहाची लहर आली. भक्तांनी ती मोडली नाही. विवाहाचा सोहळा मांडला. लग्न म्हटलं की धवळे हवेत, आणि धवळे गाण्याचं काम महदंबेकडे आलं. तिने तिथल्या तिथे कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायले. हा झाला पूर्वार्ध. उत्तरार्ध तिने नंतर रचला. सगळे मिळून हे धवळे दीडशेच्या घरात जातात.

तिने रुक्मिणीचाच विवाह का निवडला? इथे रचनेच्या नावाचा अर्थ कामाला येतो. धवळा समोरच्या वरासाठी असतो. समोरचा वर होता गोविंदप्रभू. महानुभावांच्या पंचकृष्णांत द्वारकेचे कृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे पाच येतात. म्हणजे महदंबेच्या श्रद्धेने मांडवात बसलेला नवरदेव आणि कथेतला नवरदेव हे एकाच परमेश्वराचे अवतार. रुक्मिणीच्या लग्नाची कथा गाणं ही तिच्यासाठी थेट समोरच्या वराची स्तुती होती. धवळ्याच्या व्याख्येत ती तंतोतंत बसते. धवळा हे नाव बाजूला ठेवून ‘रुक्मिणीच्या लग्नाचं काव्य’ एवढंच म्हटलं, तर त्या दिवशीची ही जुळणी हातातून निसटते.

आणि नवरी कुठली? कुंडिनपूरची. आजचं कौंडण्यपूर, तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. भीमक राजाची लेक ही आपल्या वऱ्हाडाची लेक. इथून दर वर्षी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. विदर्भातली ती सर्वांत जुनी पालखी मानली जाते. या प्रदेशाला वऱ्हाड हे नाव रुक्मिणीच्या लग्नाच्या वऱ्हाडावरून पडलं, असं सांगणारी माणसं आजही गावोगाव भेटतात. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त हे नाव वर्धा नदीच्या काठावरून, वरदातटावरून आल्याचं लिहिलं आहे. लोकांची व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीला उतरेलच असं नाही. पण लोकांना आपला प्रदेश लग्नाच्या कथेशी जोडावासा वाटला, ही गोष्ट त्यांच्या मनाबद्दल खरं सांगते.

अकोलेकर श्रोत्यांना एक आठवण द्यायची आहे. राजशेखराच्या त्याच ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह होतो. तो होतो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे वाशीम, जे १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होतं. संस्कृत पंडिताला काव्याचं लग्न लावायला विदर्भच सुचला. आणि मराठीतल्या पहिल्या कवयित्रीच्या तोंडी लग्नाचंच गाणं आलं, तेही विदर्भातच. दोन्ही घटनांमध्ये कार्यकारण जोडायची मला घाई नाही. पण हा वारसा आपला आहे, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे वळतो. महदंबा बालविधवा होती. लग्नाच्या मांडवात विधवेची जागा काय होती, हे या सभागृहातल्या मोठ्या बायांना मी सांगायला नको. हळदीला नको, तेलवणाला नको, नवरीच्या ओटीला नको, समोर येऊ नको. आणि धवळा तर मंगलाचं गाणं, वराला आशीर्वाद देणारं. ते गाण्याचं काम रिद्धपूरच्या मांडवात एका विधवेकडे आलं आणि तिने ते सगळ्यांसमोर पार पाडलं. स्त्रीलाही संन्यास, ज्ञान आणि मोक्ष आहे अशी चक्रधरांची शिकवण होती. विटाळाच्या कल्पना त्यांनी बाजूला सारल्या होत्या. महदंबा त्यांना प्रश्न विचारून विचारून शिकलेली होती, तिच्या जिज्ञासेने चक्रधरांच्या ‘लीळाचरित्रा’ची पानं भरली आहेत. तिच्या हाती धवळा आला हा योगायोग नव्हता. त्या शिकवणीची ती परीक्षा होती आणि तो समुदाय तिला उतरला.

इथे काही अभ्यासकांना आणि वाचकांना एक मोह होतो. ‘धव’ म्हणजे पती, म्हणून ‘विधवा’ म्हणजे पती नसलेली आणि ‘धवळा’ म्हणजे पतीचं गाणं. ऐकायला जुळतं, पण ते खरं नाही. विधवा हा फार जुना शब्द आहे. लॅटिन, जर्मन, रशियन भाषांत त्याची भावंडं आहेत. आपल्याकडे आलेला फारसी ‘बेवा’ त्याच कुळातला. त्याचा मूळ भाव एकटी पडलेली, वेगळी झालेली असा आहे. ‘वि’ म्हणजे विना अशी फोड पुढे लोकांनी केली आणि त्या फोडीतून ‘धव’ हा पतिवाचक शब्द उलटा तयार झाला, असं भाषाशास्त्र सांगतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे. बाईची ओळख नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून करायची सवय समाजाला इतकी खोल लागली होती की तिने शब्दाचीही फोड तशीच केली. धवळ्याच्या नावात पती नाही. त्यात शुभ्रता आहे, सामर्थ्य आहे, आशीर्वाद आहे. ते कुणी गावं याविषयी सोमेश्वराने, हेमचंद्रांनी, शार्ङ्गदेवाने केलेल्या व्याख्या कोणतीही अट घालत नाहीत. अट रूढीने घातली होती आणि रिद्धपूरने ती उचलून बाजूला ठेवली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. रचनेच्या नावाचा उगम आपल्याला कोशात आणि शास्त्रग्रंथात सापडतो. त्या नावाचा पुरता अर्थ मात्र ती रचना ज्याच्या-जिच्या तोंडी येते तिथे ठरतो. गझलचंच पाहा. नाव अरबीतलं, प्रेमाची बोली असा त्याचा जुना भाव. फारसी आणि उर्दूतून ती आपल्यापर्यंत आली. १५ एप्रिल १९३२ ला अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी ती हाती घेतली. ‘रंग माझा वेगळा’ आणि ‘एल्गार’नंतर मराठी माणसाला गझल म्हटलं की प्रेमाबरोबर रागही आठवतो, अन्यायाचा जाबही आठवतो. नाव तेच राहिलं आणि अर्थ वाढला. भटांच्या साडेसहाशे वर्षं आधी महदंबेने धवळ्याच्या बाबतीत हेच केलं होतं.

धवळ्यांच्या रचनेविषयीही दोन शब्द. त्यात अक्षरं मोजून बसवलेली नाहीत. चरण लहानमोठे होतात, यमक त्यांना बांधून ठेवतं आणि उरलेलं काम गळा करतो. कागदावर वाचताना जी ओळ लांबलेली वाटते ती गाताना जागेवर बसते. पुढे नरेंद्र कवीने आणि १५७१ मध्ये एकनाथांनी रुक्मिणीस्वयंवर ओवीत लिहिलं. एकनाथांचं स्वयंवर लग्न जुळावं म्हणून मुली वाचू लागल्या. त्या दोघांनी काव्य लिहिलं, महदंबेने ते आधी गायलं. तिचा मजकूर वर्गात मुक्याने वाचणं म्हणजे अर्धाच वाचणं आहे.

हा मजकूर आपल्यापर्यंत सहज आलेला नाही. महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतकं सांकेतिक लिपीत मठांमध्ये राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची उकल झाली आणि मग यवतमाळच्या शारदाश्रमातल्या अभ्यासकांनी, वा. ना. देशपांडे यांच्यासारख्यांनी महदंबेला मराठी वाचकांसमोर आणलं. हे काम वऱ्हाडातल्या माणसांनी, मोठ्या शहरांपासून दूर राहून, पदरमोड करून केलं आहे. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. २०२३ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २०२४ मध्ये महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. दर्जा मिळाला, इमारतही होईल. पण अभिजात भाषेचं पोट जुन्या पोथ्यांइतकंच चालत्या बोलण्याने आणि गाण्याने भरतं.

म्हणून शेवटी माझी एक विनंती आहे, विशेषतः इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांत हळदीची, मांडवाची, वरातीची, भुलाबाईची, पोळ्याची, महादेवाच्या यात्रेची गाणी जाणणाऱ्या बाया आणि माणसं अजून आहेत. लग्नात आता डीजे वाजतो, त्यामुळे त्यांना कुणी गा म्हणत नाही. तुम्ही म्हणा. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यात गाणं भरून घ्या. पण नुसते शब्द घेऊन परत येऊ नका. गाणाऱ्या बाईच्या परवानगीने चार गोष्टी सोबत लिहून घ्या : या गाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात, ते कोणत्या विधीच्या वेळी गातात, तुम्ही ते कुणाकडून शिकलात, आणि ते गायला कुणाला मनाई होती का. सोमेश्वराने आठशे-नऊशे वर्षांपूर्वी दोन-चार ओळींत एवढीच नोंद केली होती आणि आज तिच्यावर मराठी गीतांचा इतिहास उभा आहे. रिद्धपूरच्या विद्यापीठाने अशा नोंदींसाठी गावागावांतल्या महाविद्यालयांना हाताशी धरावं आणि पहिलं दालन महदंबेच्या नावाने लग्नगीतांचं करावं. सरांच्या स्मृतीला यापेक्षा योग्य श्रद्धांजली मला दिसत नाही. हे काम येत्या लग्नसराईपासून सुरू करता येईल.